जोत्याची उंची आणि उपग्रहाचा आकडा

आमचं उमेळ्याचं नवं घर जोत्यापर्यंत आलं आणि तिथेच अडलं, ते आभाळातल्या उपग्रहामुळे. हसू नका, खरंच सांगते. ऐंशी सालानंतरची गोष्ट. नक्की साल आता आठवत नाही. नणंदेचं लग्न मे महिन्यात ठरलेलं आणि सासूबाईंचा हट्ट एकच, मुलीची पाठवणी नव्या घराच्या उंबऱ्यावरूनच करायची.

त्याच दिवसांत मोजणीवाले आले. त्यांचे साहेब माझ्या धाकट्या भावाएवढे असतील. एक टोळी माणिकपूरच्या बाजूने, उंची आधीच ठाऊक असलेल्या पक्क्या खुणेच्या दगडापासून निघाली होती. दुर्बीण लावायची, मागे-पुढे आकडे घातलेली उभी पट्टी धरायची, उंची वाचायची आणि सरकायचं पुढे. दुसरं एक यंत्र त्यांनी आमच्या केळीच्या वाडीत, मोकळ्या जागेवर मांडलं. ते म्हणे उपग्रहाचा आवाज ऐकायचं. आम्हांला मेलं काही ऐकू येत नव्हतं. मी चहा घेऊन जायची आणि विचारत बसायची. शाळा चौथीत सुटली माझी, पण विचारणं कोण सोडवणार?

एकदा पट्टी धरणारा मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, थट्टेने म्हणाला, "काका, उपग्रहाच्या हिशेबाने तुमची वाडी पाताळात आहे. एकावर एक तीन माड उभे करा, तरी शेंडा समुद्राच्या वर यायचा नाही!"

सगळे हसले, मामंजी हसले नाहीत. आमच्याकडे पावसाळ्यात खाडीचं पाणी कुठवर चढलं त्याची रेघ माडाच्या बुंध्यावर चुन्याने आखून ठेवायचे आणि जोतं त्या रेघेच्या हातभर वर घ्यायचे. ही रेघ मामंजींच्या वडिलांच्या वेळची, दर वर्षी नव्याने चुना लावलेली. मामंजींना वाटलं, रेघच चुकली. गवंड्याला म्हणाले, "काम बंद. जोतं किती वाढवायचं ते कळल्याशिवाय वीट ठेवायची नाही."

सासूबाई भडकल्या. "आभाळातल्या डब्याला आपली खाडी काय कळते? वऱ्हाडी काय माडावर बसवू?"

"तू गप. बुडालीस की कळेल."

"इतकी वर्षं तुमच्या संसारात पडून नाही बुडाले, आता काय बुडते!"

तरी काम बंदच. गवंडी येऊन विडी ओढून जायचा. नणंद नुसती जोत्याकडे बघायची. शेवटी मीच साहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, तुमच्या माणसाची थट्टा आमच्या लग्नावर आलीय. तुम्हीच येऊन सांगा."

साहेब आले, जोत्यावर मामंजींच्या शेजारी बसले. म्हणाले, "काका, उपग्रहावरून उंची काढताना आम्ही पृथ्वीचा एक गुळगुळीत, कागदावरचा गोळा धरतो आणि त्याच्यापासून मोजतो. खरा समुद्र तसा गुळगुळीत नाही. जिथे जमिनीची ओढ कमी, तिथे पाणी खाली बसतं. आपल्याकडे ती कमी आहे. म्हणून आपला समुद्रच त्या गोळ्याच्या खाली आहे. वाडी खाली, खाडी त्याहून खाली."

"मग तुम्ही मोजताय काय?"

"समुद्र कुठे किती खाली बसलाय त्याचा नकाशा उपग्रहांच्या फिरण्यावरून केलेला आहे. तो धरला तर उपग्रहाची उंची आणि आमच्या दुर्बिणीची उंची जुळायला हवी."

"जुळली?"

साहेब जरा ओशाळले. "नाही. पुरुषभर फरक येतोय."

"म्हणजे चुकलात!"

"नकाशा चुकतोय, काका. किती चुकतोय तेच बघायला आलोय. पण घर कुणी त्या नकाशावरून बांधू नये."

मग त्यांनी गवंड्याची पातळी बघायची पाण्याची नळी मागून घेतली. एक टोक माडावरच्या रेघेशी धरलं, दुसरं जोत्यापाशी मामंजींच्या हातात दिलं. नळीतलं पाणी हललं, डुललं आणि थांबलं. "आमची दुर्बीण हेच करते, फक्त लांबवर. पाणी कुठवर चढणार ते पाण्यालाच विचारायचं."

मामंजींनी नळीतल्या पाण्यापासून जोत्याच्या माथ्यापर्यंत आपला हात लावून पाहिला. हातभर होतं, वर चार बोटं जास्तच. नळी गुंडाळून परत दिली. मग गवंड्याला म्हणाले, "उद्या सकाळी लवकर ये."

"उद्या कशाला?" सासूबाई जुन्या घरातून ओरडल्या. "ऊन उतरायला वेळ आहे अजून!"

घर उभं राहिलं, कौलं चढली, पण वाया गेलेले दिवस कुठून भरून काढणार? भिंतींना गिलावा राहिलाच. लग्नात जो भिंतीला टेकेल त्याची पाठ लाल. विहीणबाई खोचकपणे म्हणाल्याही, "आमच्याकडे घर रंगवतात, तुमच्याकडे पाहुणे रंगवतात वाटतं!" नणंद पदराआड खुदकन हसली.

निघताना तिच्या शालूलाही विटेची भुकटी लागली होती. सासूबाई उंबऱ्यावर उभ्या राहून तळहाताने ती झटकत राहिल्या. शालू कधीचा स्वच्छ झाला होता. मामंजी बाजूला उभे होते, पण सासूबाईंना थांब म्हणाले नाहीत.