मिलिंदला लागलेला बॉल

हे माझ्या बायकोला माहीत नाही. आईला माहीत नाही. लातूरच्या मैदानावर रोज सकाळी ज्या पोरापोरींना मी पिचिंग शिकवतो, त्यांना तर नाहीच. दोनच माणसांना सांगून पाहिलं — आणि दोघांनाही ते आधीपासून ठाऊक होतं. मग ते सांगणं धरायचं कसं? तेव्हा आजवर मी हे कुणालाच सांगितलेलं नाही, असंच समजा.

मी बेसबॉलचा पिचर होतो. आमच्या औशात लोक अजून विचारतात, म्हणजे नेमकं काय? क्रिकेटात बॉलर असतो ना, तसा. फक्त बॉल टप्पा न पाडता थेट फेकायचा. राज्याकडून खेळलो, मग आखातातल्या एका लीगमध्ये तीन हंगाम पगारी पिचर. खांदा गेला तेव्हा परत आलो. शाली मिळाल्या, चौकात बॅनर लागले. प्रत्येक सत्कारात कुणीतरी उठून म्हणतं, शेतकऱ्याचं पोरगं, स्वतःच्या हिमतीवर वर आलं. आणि माझं डोकं सणकतं. कुणावर? बोलणाऱ्यावर? त्याला बिचाऱ्याला काय माहीत!

मिलिंद मुदखेडचा. वडील रेल्वेच्या रुळांवर कामाला. नांदेडला आम्ही एकाच कॉलेजात होतो, तीन वर्षं एकाच संघात, एकाच मेसमध्ये जेवायला. डावखुरा बॅटर. आमच्या अख्ख्या संघात त्याच्याएवढा चांगला खेळाडू कुणी नव्हता, मीसुद्धा नाही — हे वाक्य माझ्या हातून पहिल्यांदाच लिहिलं जातंय. मित्र होता का? मी तसं म्हणायचो. चारचौघांत जरा जास्तच म्हणायचो. आपण जातपात मानत नाही हे दाखवायला मला तो बरा पडायचा.

राज्याच्या संघाची निवड नांदेडला होती. आमच्यातच दोन गट पाडून सामना लावलेला, मिलिंद समोरच्या गटात. निवड करणारे मांडवाखाली वह्या घेऊन बसलेले. पहिल्याच वेळी त्यानं माझा बॉल कुंपणापलीकडं घालवला. दुसऱ्या वेळी पुन्हा. मांडवातून टाळ्या. षटकं-बिटकं नसतात या खेळात, दम घ्यायला आडोसा नसतो. सगळे तुझ्याचकडं बघत असतात.

दुसऱ्या फटक्यानंतर आमचा डाव आला. मी मैदानाबाहेर येत होतो, तो आत जाताना माझ्याजवळून गेला आणि हळूच म्हणाला, "दत्ता, बॉल फेकायच्या आधी तुझी बोटं दिसून राहिलीत. ग्लोव्हमधी लपव."

हळूच म्हणाला. दुसऱ्या कुणाला ऐकूही गेलं नाही. बॉलवरची बोटं दिसली की कसला बॉल येणार हे बॅटरला आधीच कळतं. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत राहिलो की तो सगळ्यांसमोर हिणवून बोलला — असं आठवलं की झोप लागायची. खरं हे, की तो मला मदत करत होता. आणि खरं हेही, की माझं पुढचं सगळं करिअर त्या एका वाक्यावर उभं राहिलं. त्यानंतर कुठल्याच बॅटरला माझी बोटं दिसली नाहीत. आज पोरांना मी तेच शिकवतो. माझं म्हणून शिकवतो.

तिसऱ्यांदा तो बॅट घेऊन उभा राहिला. त्या वेळी माझ्या मनात त्याचं नाव आलं नव्हतं, त्याची जात आली होती. त्या शब्दासकट. ह्यानं मला शिकवावं? — एवढंच डोक्यात वाजत होतं. डोक्यावर त्याच्या हेल्मेट होतं, पण चेहऱ्यापुढं जाळी नव्हती. मला ते दिसत होतं. ते पाहूनच मी फेकला.

उजव्या डोळ्याखालच्या हाडावर लागला. तो आडवा झाला. पोरं धावली, कुणी पाणी ओतलं. रक्त पुसत तो उठून बसला आणि माझ्याकडं बोट करून म्हणाला, "यानं मुद्दाम मारला. मी बघितलंय."

कॉलेजात आमचा संघ बघणाऱ्या सरांनी मला विचारलं. मी म्हणालो, "न्हाई सर, हाताला घाम होता. सुटला बॉल."

एवढंच. एका ओळीचं खोटं. सर मिलिंदकडं वळले. म्हणाले, "तुम्हा लोकांना सगळीकडं अन्यायच दिसतो."

'तुम्हा लोकांना.' मैदानावर वीस-बावीस जण होते, सगळ्यांना त्याचा अर्थ कळला. मलाही कळला. आणि मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. सुटलो, असं वाटलं. रक्त त्याच्या शर्टावर होतं आणि दोन पोरं माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणत होती, मनाला लावून घेऊ नको.

माझी निवड झाली. सरांनी यादीत मिलिंदच्या नावापुढं 'बेशिस्त' लिहिलं. डोळा राहिला, पण नजर गेली ती गेलीच. वेगानं येणारा बॉल त्याला पुन्हा कधी धड दिसला नाही. वडिलांची इच्छा होती पोरगं रेल्वेत लागावं. परीक्षा तो पास झाला, डोळ्यांच्या तपासणीत नापास. हे सगळं मला वेळच्या वेळी कळत होतं. मी काय केलं? काही नाही. सोळा वर्षं काही नाही.

गेल्या वर्षी जळकोटला गेलो. तिथं तो शाळेत शिक्षक आहे. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभ्या उभ्याच त्याला सांगितलं की मी मुद्दाम मारला होता. त्यानं ऐकून घेतलं. मान किंचित उजवीकडं वळवून डाव्या डोळ्यानं बघतो आता.

"मला काय सांगून राहिलास?" तो म्हणाला. "मी तर तिथंच होतो की. ज्यांना माहीत न्हाई त्यांना सांग."

घंटा झाली, तो वर्गात गेला. औशापर्यंत गाडी चालवत मी त्याच्यावर चिडलो होतो — हो, त्याच्यावरच! शिवी देईल, नाहीतर माफ करेल, दोन्हीची तयारी करून गेलो होतो. त्यानं माझ्या हाती काहीच दिलं नाही. सोळा वर्षांनीही मला त्याच्याकडूनच काहीतरी हवं होतं, हा माझा निर्लज्जपणा मला दोन दिवसांनी कळला.

मग नांदेडला सरांकडं गेलो. ते आता निवृत्त आहेत. वाटलं, यांना तरी माहीत नसेल. त्यांनी चहा सांगितला आणि हसले. म्हणाले, "अरे, मला काय कळत नव्हतं? त्या दिवशी सांभाळलं, म्हणून तू एवढा झालास."

चहा न पिता उठलो. त्या म्हाताऱ्याला मारावंसं वाटत होतं. पण त्याच्यावर ओरडायला माझ्याकडं तोंड कुठलं? तो म्हणाला ते खरं होतं. मला सांभाळलं गेलं. आणि मी स्वतःला सांभाळू दिलं.

आता उरले ते ज्यांना माहीत नाही. पाठीवर हात ठेवणारी ती दोन पोरं, शाली देणारे, माझी बायको, आई, सकाळच्या बॅचची पोरं, तुम्ही. मुदखेडच्या मिलिंदनं त्या दिवशी माझ्याबद्दल जे सांगितलं, ते शब्द न् शब्द खरं होतं. खोटं मी बोललो.