मागे पडणारं घड्याळ

‘इतक्या जोरात फळा कुणी पुसतं का? सगळं नाकात जातंय,’ कानाशी कुणीतरी कुरकुरतं.

दुपारचे तीन वाजलेत. चारला अकरावीची मुलं शिकवणीला येतील, तोवर मी आरामखुर्चीत पाठ टेकली आहे, डोळे अर्धेच मिटलेत. समोर नाक पुसत उभे आहेत ते आमचे सर. म्हणजे माझे यजमान. भौतिकशास्त्र शिकवायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मी दहावीपर्यंतची, त्यांच्या वह्या वाचून वाचून मास्तरीण झाले.

‘आज काय शिकवणार आहेस?’

‘दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे नेमकं काय, ते.’

‘बापरे. बस मग.’

मी बसते ती दवाखान्याच्या ट्रॉलीवर. आमची बाहेरची खोली लांबत लांबत वॉर्डाचा बोळ झाली आहे. सर ट्रॉली ढकलतायत, त्यांची चप्पल फटफटतेय. बोळाच्या दोन्ही टोकांना एकेक दिवा. मी मधोमध येते आणि दिवे लागतात.

‘कुठला आधी लागला?’

‘पुढचा.’

‘आणि इथं मधोमध उभ्या असलेल्या नर्सबाईंना?’

‘दोन्ही एकदम.’

‘मग खोटं कोण बोलतंय?’

‘कुणीच नाही. उजेडाचा वेग आम्हा दोघींनाही तोच. म्हणून माझ्या लेखी पुढचा खरंच आधी लागला, त्यांच्या लेखी दोन्ही बरोबर.’

‘शाब्बास.’

ही शाबासकी हयातीत एकदाही मिळाली नव्हती. तेवढ्या धिटाईवर मी मनगट पुढे करते. घड्याळ त्यांचंच, ते दवाखान्यात होते तेव्हापासून मी वापरते.

‘अहो, मग हेही खरंच ना? दवाखान्याच्या कागदावर तुमची जाण्याची वेळ पाच दहा लिहिलीय. मी खालून चहा घेऊन आले तेव्हा यात पाच पाच झाले होते. म्हणजे तेव्हा तुम्ही होतात. रेवतीला मी हेच सांगितलंय.’

रेवती आमची लेक. हे घड्याळ दहा मिनिटं मागे असतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. ती काही बोलत नाही. घरात कुणीच बोलत नाही.

ट्रॉली थांबते. पुढे दिवा नाही, त्यांची खाट आहे. चादरीची कुणीतरी नीट घडी घातलीय. माझ्या हातात चहाचा कप आहे, वर साय धरलेली.

‘शालन, सापेक्षता वेगळी आणि मागे पडणारं घड्याळ वेगळं. ते दिवे दोन टोकांना होते. मी गेलो तो या खाटेवरून. तू आलीस तीही या खाटेशीच. एकाच जागी घडलेल्या दोन गोष्टींचा क्रम कुणालाच उलटा दिसत नाही. ट्रॉली कितीही पळव.’

‘मग तुम्हीच सांगा ना, आधी काय झालं.’

‘मी का? उत्तर विद्यार्थ्यानं द्यायचं असतं.’

ते माझं मनगट धरतात, घड्याळाशी काहीतरी खुडबुड करतात.

‘चहा?’ मी विचारते.

‘गार झाला गं.’

जाग येते. पंखा फिरतोय. फळा कोरा आहे. घड्याळाची चावी बाहेर ओढलेली, काटे थांबलेले.

झोपेत मीच ओढली असेल. भिंतीवरचं घड्याळ बघून मी वेळ लावते, चावी आत दाबते आणि फोन उचलते.

‘आई? आत्ता कसा फोन? बरी आहेस ना?’

‘रेवती, बाबा गेले तेव्हा मी तिथे नव्हते. ते एकटे होते.’