फरशीवरचं पाणी आणि आमच्या गाडीचं नाक

गेल्या शनिवारी पेठ रोडवर माझ्या महिनाभराच्या अभ्यासाचा पार बट्ट्याबोळ झाला. सांगतो...

माझी बायको वैशाली शिक्षिका आहे. शाळा पेठजवळच्या एका गावात, आणि ती रोज नाशिकहून स्वतः गाडी चालवत जाते. शाळेत शिरली की 'पोचले' एवढा एका शब्दाचा मेसेज करते. तो आल्याशिवाय माझं ऑफिसात लक्ष लागत नाही.

या पावसाळ्यात तो मेसेज मधूनमधून तास-दीड तास उशिरा यायला लागला. फोन लावावा तर रेंज नाही. संध्याकाळी विचारलं की म्हणायची, फरशीवर पाणी होतं.

हायवे सोडून गावाकडे वळलं की ओढ्यावर एक बुटका पूल आहे. जोराचा पाऊस झाला की त्याच्यावरूनच पाणी वाहतं... त्यालाच सगळे फरशी म्हणतात. मी मनाशी ठरवून टाकलं, की ही पाण्यात गाडी घालते आणि गाडी मध्येच बंद पडते. खरं सांगतो, भीतीने झोप उडाली माझी.

मग यूट्यूब सुरू झालं. इंजिन जिथून हवा ओढतं तिथून पाणी आत गेलं, की इंजिन जागच्या जागी जाम. म्हणजे हवा घेणारा भागच बदलायचा, त्याला एअर इनटेक म्हणतात. एवढं कळलं... आणि पुढचं काहीच कळेना.

नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका ॲक्सेसरीजवाल्याने कोल्ड एअर इनटेक पुढे केला. खाली बंपरजवळून थंड हवा घेतो, पिकअप एकदम मस्त. मी म्हटलं, अहो पण पाणीही खालीच असतं ना? तर म्हणे त्यासाठी व्हॉल्व्ह येतो, तो वेगळा घ्यावा लागेल.

दुसरा होता शंकूसारखा उघडा फिल्टर, बॉनेटच्या आत जरा उंचावर. पण तो शिंतोड्यांनी भिजतो, म्हणून त्याला पाणी अडवणारा मोजा घालायचा. आणि मोजा घातला की हवा कमी मिळते... मग तो बदलायचा तरी कशाला?

माझा मावसभाऊ नितीन जीपवाला. त्याचं म्हणणं, स्नॉर्कल लाव. म्हणजे बॉनेटपासून थेट छतापर्यंत उभा पाइप, आमच्या एवढ्याशा हॅचबॅकला! मित्रांच्या ग्रुपवर विचारलं तर एकाने लिहिलं, कंपनीने दिलेलाच सगळ्यात चांगला, हात लावू नकोस. त्यावरून ग्रुपवर जी जुंपली, ती अजून चालू आहे.

या सगळ्यात वैशाली दोनदा म्हणाली, वायपर बदलायला झालेत. मी म्हटलं, थांब गं, आधी मोठा प्रश्न सुटू दे.

शेवटी ठरवलं, पाणी किती चढतं ते स्वतःच बघायचं. शनिवारी मला सुट्टी, तिची सकाळची शाळा. मोजपट्टी खिशात टाकून मी शेजारी बसलो.

घाटात धुकं आणि धो धो पाऊस. वायपर काचेवरचं पाणी पुसत नव्हते, नुसतं फासत होते. वैशाली मान पुढे काढून रस्ता शोधत होती.

फरशी दिसली आणि मी खिशातली मोजपट्टी चाचपली. गढूळ पाणी पुलावरून फेसाळत चाललेलं. वैशालीने शांतपणे गाडी डावीकडे एका आंब्याखाली घेतली आणि बंद केली. तिथे आणखी दोन गाड्या आधीच उभ्या होत्या.

रस्त्यापलीकडच्या घराच्या ओट्यावर दोन शिक्षक निवांत बसलेले. घरधनीण पारूबाई आतूनच म्हणाली, "बाई, दगड आज दिसत नाय. च्या टाकते."

पुलाच्या तोंडाशी चुना फासलेला एक दगड आहे. तो बुडाला की कोणीही पुढे जायचं नाही, हा इथल्या रोज येणाऱ्यांचा नियम. पलीकडे गावातच राहणारे एक गुरुजी तोवर सगळे वर्ग एकत्र बसवतात.

मी विचारलं, तू पाण्यातून कधीच नाही गेलीस?

"वेड लागलंय का मला? एकदाही नाही."

"मग मला सांगायचं ना..."

"तू विचारलंस कधी? तू मला रोज पिकअप कसा आहे तेच विचारत होतास."

दोन्ही शिक्षक हसले. मीही हसलो, पण डोळे भरून आले होते... चहाच्या वाफेचं निमित्त बरं पडलं. महिनाभर ज्या पाण्याला मी घाबरत होतो, त्याच्या काठावर माझी बायको मांडी घालून फोडशीची जुडी निवडत बसली होती. पावसाच्या दिवसांत आमच्याकडे ही रानभाजी निवडलेली कशी येते, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

तासाभराने दगडाचं डोकं वर आलं. आणखी थोडं थांबून, पुलाचा काठ नीट दिसल्यावरच सगळे निघाले. मोजपट्टी खिशातच राहिली.

परतताना नवे वायपर घेतले आणि कंपनीचाच साधा फिल्टर बदलला. कोणता इनटेक चांगला, हे मला अजूनही विचारू नका... खरंच माहीत नाही.

काल परत जोराचा पाऊस होता. 'पोचले' बऱ्याच उशिराने आला. मी तोवर नीट काम केलं, आणि घरी फोन करून आईला सांगितलं, आज भाजी आणू नकोस... वैशाली फोडशी आणतेय.