मुलीच्या घराचे पडदे

लेकीने वारज्याला स्वतःचा फ्लॅट घेतला आणि त्याच महिन्यात मी शिलाई मशीन घेतलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, असं मी सगळ्यांना सांगत होते.

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून मला स्वस्थ बसवत नव्हतं. बिबवेवाडीतलं आमचं घर लहान. सकाळी नऊपर्यंत सगळं आवरून होतं आणि मग उरलेला दिवस आ वासून पुढे उभा. त्यात मशीन आलं. मोबाइलवरचे व्हिडिओ बघत बघत मी आधी उशांचे अभ्रे शिवले. मग मिक्सरला कव्हर, ओव्हनला कव्हर, फ्रिजला झालर, टिश्यूच्या डब्याला झबलं. एक दिवस आमचे हे चहा पिता पिता उठले. म्हणाले, "जरा फिरून येतो. फार वेळ एका जागी बसलो तर मलाही कव्हर घालशील." मी हसले नाही. मशीन सुरू केलं की त्या घरघरीत बाकीचं काही ऐकू येत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

खरं काय ते सांगते. लेक चौतीस वर्षांची. लग्न करायचं नाही, हे तिने आधीच सांगितलं होतं आणि ते मी कसंबसं गिळलं होतं. पण त्याच शहरात, आईबापाचं घर असताना, वेगळं घर? माझ्या बहिणीने फोनवर विचारलं, "का गं, भांडण झालं का तुमचं?" मी म्हटलं, "छे, तिला तिथून ऑफिस जवळ पडतं." ऑफिस खराडीला होतं. उलट लांबच पडत होतं.

नव्या घरी तिने परित्राणपाठ ठेवला होता. भंतेजी आले, पाठ झाला, नातेवाइकांनी खीर खाल्ली. मी गेले नाही. सकाळी साडी नेसून तयार झाले आणि पलंगावर बसले ती बसलेच. डोकं ठणकतंय म्हणाले. हे एकटेच गेले आणि येताना डब्यातून खीर घेऊन आले. ती मी उभ्याउभ्याच खाल्ली आणि डबा घासून ठेवला.

त्यानंतर दर रविवारी हे वारज्याला जायचे आणि मी बरोबर काहीतरी करून द्यायचे. लेकीचा फोन रोज यायचा. पाणी आलं का, कामाची बाई आली का, एवढंच बोलायचो. घरी ये, असं ती म्हणायची नाही आणि येते, असं मी म्हणायचे नाही. दोघी एकाच हट्टाच्या.

मग एका रविवारी हे सहज बोलून गेले की, तिच्या खिडक्या अजून उघड्याच आहेत, हॉलच्या खिडकीला तिने ओढणी बांधलीय. झालं, त्या दिवसापासून माझा पाय एका जागी ठरेना. पोळ्या लाटताना ओढणी, झोपाळ्यावर बसले तरी ओढणी. पुढच्या रविवारी हे निघाले तेव्हा मी म्हटलं, "येताना खिडकीचं माप घेऊन या."

हे जन्मभर सरकारी कचेरीत नकाशे काढत होते. त्यांनी कागद आणला त्यावर खिडकीची आकृती, चारी बाजूंना बाण आणि मिलिमीटरपर्यंत आकडे. सही तेवढी करायची राहिली होती.

कापडाला मी मंडईच्या बाजूला गेले. नेहमीच्या भाजीवालीकडे बघितलंसुद्धा नाही, थेट मागच्या गल्लीतल्या पडद्यांच्या दुकानात शिरले. दुकानदाराने तो कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, "ताई, पडदे शिवायचेत की घर बांधायचंय?" चुण्यांसाठी रुंदीच्या दुप्पट कापड घ्यायचं, एवढं व्हिडिओंनी शिकवलं होतं. लांबी कागदावरची, वर-खाली दुमडायला थोडं जास्त. मग आठवडाभर मी शिवत होते आणि उसवत होते. टीप दोराभरही वाकडी गेली तरी चालणार नव्हती. ती वाकडी टीप माझ्या लेकीच्या घरात माझ्या नावाने लटकत राहिली असती.

रविवारी यांनी पडदे नेले. संध्याकाळी फोन आला.

"आई, छान झालेत गं."

छान. पुढे काही नाही. अमृत दिलं तरी त्यात दोन चुका काढणारी पोरगी ती. ती नुसतं छान म्हणाली, म्हणजे नक्की काहीतरी बिनसलंय.

आठवडाभर ते 'छान' मनात घोळवलं, पुढच्या रविवारी हे वारज्याला जाऊन आले आणि सोमवारी सकाळी मी यांच्या पेपरसमोर जाऊन उभी राहिले. "पडदे कसे झालेत, खरं सांगा."

"तोकडे."

"तोकडे म्हणजे किती?"

"वीतभर. दांडी खिडकीच्या वर आहे ना."

मी कपाळाला हात लावला. "अहो, मग माप दांडीपासून नाही का घ्यायचं?"

"तू खिडकीचं माप मागितलंस. पडद्याचं मागितलं असतंस तर ते आणलं असतं."

पस्तीस वर्षं मी अशा उत्तरांबरोबर संसार केला आहे. पान उलटता उलटता हे म्हणाले, "बदल म्हटलं तर ऐकत नाही. आईने शिवलेत म्हणते. खालच्या फटीतून समोरच्या बिल्डिंगमधल्यांना सगळं दिसतं, म्हणून संध्याकाळी हॉलमध्ये दिवाच लावत नाही. आत जाऊन बसते."

मी स्वयंपाकघरात गेले. मिक्सरचं कव्हर काढलं, घातलं, परत काढलं. माझी मुलगी तिच्या स्वतःच्या घरात माझ्यामुळे अंधारात बसत होती आणि मी इथे टिश्यूच्या डब्याला झबली शिवत होते. मला माझीच लाज वाटली. मंगळवारी ती घरूनच काम करते हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी उरलेलं कापड आणि टेप पिशवीत घातली, यांना काही न सांगता खाली उतरले आणि रिक्षा पकडली.

तिने दार उघडलं. गळ्यात हेडफोन, केस कसेतरी बांधलेले. माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. म्हणाली, "चप्पल आत काढ. बाहेर कुत्रं पळवतं."

मी घर पाहिलं. जमिनीवर गादी, भिंतीला टेकून पुस्तकं, कोनाड्यात बुद्धमूर्ती, ओट्यावर मोजून चार डबे. साधंच होतं सगळं. पण एकूण एक वस्तू तिने ठरवलं तिथे होती. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंच्या डब्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. पुढे बिबवेवाडीला आलो, तर कपाट कुठे आणि पलंग कुठे हे यांनी आधीच कागदावर काढून ठेवलं होतं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

मी स्टुलावर चढले. टेपचं वरचं टोक मी दांडीला लावलं, खालचं तिने धरलं. ती वाकून आकडा वाचत होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मला तुझा राग नव्हता आला गं. हेवा वाटला होता."

ती वाकलेलीच राहिली. टेपचं टोक तिने सोडलं नाही. मग सरळ झाली, मला हात देऊन खाली उतरवलं आणि आतल्या लहान खोलीत घेऊन गेली. खोलीत एक पलंग होता, त्यावर धुतलेली चादर. खिडकी उघडीच होती.

"ही तुझ्यासाठी ठेवलीये. आलीस कधी राहायला तर," ती म्हणाली. "म्हणून इथे मी काहीच लावलेलं नाही. तूच ठरव. कुठल्या रंगाचा पडदा लावायचा?"

"लाव की कुठलाही मळखाऊ," मी म्हटलं.

"मळखाऊ नाही, आई. तुला आवडतो तो."

चादरी, सोफ्याचं कापड, बँकेत नेसायच्या साड्या, सगळं मी मळखाऊ आहे ना, एवढं एकच बघून घेत आले होते. अठ्ठावन्न वर्षांची बाई मी. त्या खिडकीपुढे उभी राहून आठवत राहिले आणि मला एकाही रंगाचं नाव घेता येईना.