विमानाखालचं स्थळ

नांदूरघाटहून मुंबईच्या गाडीत बसले तेव्हा पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती आणि डोक्यात एकच प्रश्न होता. धाकट्या बहिणीला, मनूला, या घरात द्यायचं की नाही? वडिलांचे गुडघे धरलेले, म्हणून घर बघायला मी निघाले. तशीही आमच्या घरात नाही म्हणायची वेळ आली की मलाच पुढं करतात.

मनूला फार कमी ऐकू येतं. कानाला मशीन लावलं की शब्दांऐवजी गलकाच मोठा होतो, म्हणून ती ते काढून ठेवते. आम्ही हे कुणापासून लपवलं नाही आणि त्यापायी दोन स्थळं मागं फिरली. हे तिसरं. मुलगा गणेश विमानतळावर सामान चढवायच्या कामाला आहे. तो बघून गेला, दोघांनी एकमेकांना पसंत केलं आणि त्याच्या आईनं सगळं ऐकून लगेच होकार कळवला. एवढ्या घाईचा होकार म्हटल्यावर पाणी कुठंतरी मुरतंय, असं मला वाटत होतं.

सकाळी रिक्षातून उतरले. वस्ती विमानतळाच्या भिंतीला अगदी खेटून. भिंतीवर काटेरी तार, अलीकडं पत्र्याची घरं, दारोदारी पाण्याची निळी पिंपं. पत्ता विचारते न विचारते तोच डोक्यावर विमान आलं, इतकं खाली की मी पिशवीसकट खालीच बसले. भाजीवाला हसला. त्याचं हसणं नुसतं दिसलं, ऐकू काही आलं नाही.

तो एका बाईशी भाव करत होता. दोघांनी तोंडं मिटली, पण हातांनी घासाघीस चालूच. तिनं बोटं दाखवली, त्यानं मान हलवली, तिनं मेथीची जुडी परत ठेवल्याचं नाटक केलं. विमान गेलं तेव्हा जुडी तिच्या पिशवीत होती. आमची बांधावरून पलीकडच्या शेतात ओरडणाऱ्यांची जात, आम्हाला हे जमायचं नाही.

गणेशच्या आई, काकू, मूळच्या गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याच्या. लग्न होऊन मुंबईला आल्या, पण बोली सुटलेली नाही. त्यांनी येसरची (भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची) आमटी केली होती. ती मी दोनदा मागून घेतली. नकार द्यायला आलेल्या माणसानं एवढं खाऊ नये, हे मला कळत होतं. घर लहान, वर पत्रा तापलेला, भांडी मात्र लख्ख. जेवण झाल्यावर मी सरळच विचारलं.

"काकू, आमची मनू हाकंला ओ देत न्हाई. नव्याचे नऊ दिवस सरल्यावर तुमी वैतागणार न्हाईत कशावरून?"

काकूंनी तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, टाळताहेत. मग मांडणीवरच्या ताटल्या थरथरल्या, विमान येत होतं. मी आपली बोलतच राहिले. काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून थांबायची खूण केली. आवाज ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "हितं कुणी कुणाला हाक मारीतच न्हाई, बाई. मारून ऐकू कुणाला येती? जवळ जायचं, खांद्याला हात लावायचा, तोंडासमोर ऱ्हाऊन बोलायचं. समद्या गल्लीची हीच रीत हाय. तुमच्या मनूसाठी आमाला निराळं काय करावं लागंल?"

माझे डोळे भरून आले, म्हणून चूळ भरायच्या निमित्तानं बाहेर जाऊन तोंड धुतलं.

परतीच्या गाडीत वाटलं, स्थळ बघताना आपण पगार बघतो, खोल्या बघतो, जमीन बघतो. त्या घरातली माणसं एकमेकांशी बोलतात कशी, हे कुणी बघत नाही. मी ते बघून आले होते आणि माझा होकार ठरला होता. पण नांदायचं मनूला होतं.

घरी पोचताच ती समोर मांडी घालून बसली, माझ्या ओठांवर नजर लावून. मी काहीच लपवलं नाही. पत्रा तापतो, पाणी थोडाच वेळ येतं, दिवसभर डोक्यावरून विमानं जातात. तिनं तेवढंच धरलं.

"विमान लई मोठ्यानं वाजतं का?"

"लई. ताटल्या हालतात."

तिचा चेहरा उजळला. "मंग ते मला बी ऐकू येईल," ती म्हणाली.