पाणी चालतंय

आमच्या घरात इंग्रजीत लिहिलेलं काहीही आलं, की ते माझ्यासाठी ठेवलं जायचं. औषधाची बाटली, बँकेचं पत्र, फवारणीच्या डब्यावरचा कागद. मी औरंगाबादला बी.ए. करत होते, हॉस्टेलवर राहत होते. शनिवारी गावी आले की आई भिंतीतल्या देवळीतून हे सगळं काढायची आणि हात पुसून समोर बसायची. घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. त्यामुळं एखादी गोष्ट अर्धीच कळली तर तसं सांगायची मला सोय नव्हती. खरं म्हणजे सोय होती, धीर नव्हता.

आमचं गाव बिडकीनच्या बाजूला. मेंढरं राखणं हे आमचं मूळ काम, आणि जोडीला थोडी कोरडवाहू जमीन. शहर वाढत वाढत आमच्याकडं आलं, कारखान्यांसाठी जमिनी गेल्या आणि मोबदला मिळाला. दादानं आधी घराचा स्लॅब टाकला, मग कुणालाही न विचारता पुण्याहून एक जुनी गाडी आणली. काळी, परदेशी बनावटीची, मोठ्या इंजिनाची. सुरू केली की भिंतीला टेकलेल्या पत्र्याला थरथर सुटायची. सलग दोन वर्षं पाऊस नव्हता, गावात आठ दिवसांनी टँकर येत होता, आणि आमच्या दारात ही गाडी.

गावात पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "ॲव्हरेज किती देती?"

"बारा," दादा सांगायचा. ती सहा द्यायची. तेही महागातल्या पेट्रोलवर. साधं पेट्रोल टाकलं की तिचं इंजिन खटखट वाजायचं आणि दादाचा चेहरा उतरायचा.

आबांना, माझ्या वडिलांना, रुपयांचे मोठे आकडे पटकन कळत नसत. ते गाडीचा खर्च मेंढरांत मोजायचे. एक टायर म्हणजे दोन मेंढ्या. ऑईल बदलणं म्हणजे दोन मेंढ्या आणि एक कोकरू. ब्रेकचा आवाज यायला लागला तेव्हा आबा म्हणाले, "थांबायला बी पैसे लागत्यात व्हय हिला? आपली मेंढरं तर नुसतं 'हुर्र' केलं तरी थांबत्यात."

"मेंढरं दोनशेनं पळत नाय, आबा."

"मग तू कुठं पळवतू दोनशेनं? पैठण रोडच्या खड्ड्यात?"

हसणं व्हायचं, पण आबा नंतर उगाच कळपाकडं जाऊन उभे राहायचे. चारा छावणीत तेव्हा आमच्याकडं गुरंच घेत होते, मेंढरं नाही. पन्नासेक मेंढ्या उरल्या होत्या, फासळ्या दिसणाऱ्या.

मार्च उतरता उतरता गाडीत एक लाल दिवा लागला. त्यावर थर्मामीटरसारखं चित्र होतं. दादानं बॉनेट उघडलं, गाडीसोबत आलेलं जाड पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "मॅडम, बघा जरा. पानी कमी दावतंय वाटतं."

मी पान शोधलं. बारीक अक्षरं होती. कूलंट म्हणजे थंड करणारं काहीतरी, हे कळलं. पुढं एक चौकट होती, तिच्यात एक वाक्य ठळक केलेलं. त्यात हार्ड वॉटर वापरू नका असं लिहिलं होतं. हार्ड म्हणजे कडक. घट्ट. मी त्या दोन शब्दांवर बराच वेळ थांबले. घट्ट पाणी म्हणजे बर्फ, असं मला वाटलं. गाडीत बर्फ कोण टाकेल? थंड देशातलं पुस्तक आहे, तिथं लोक तसं करत असतील.

आत चुलीपाशी आई स्वतःशीच कुरकुरत होती, "दोन तास झाले, दाळ शिजंना. ह्या बोरचं पानी लईच जड."

"काय म्हनतंय पुस्तक?" दादानं विचारलं. "साधं पानी चालतंय का?"

"चालतंय," मी म्हणाले.

आईनं बोरची कळशी आणून दिली. वर म्हणाली, "घाला बाबा. गाडी असली तरी तहान ती तहान." गाडीला कुठंतरी बारीक गळती होती. त्यामुळं दर चार-पाच दिवसांनी दादा एक तांब्या ओतत राहिला, आणि दिवा लागायचा थांबला. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे खोटं कशाला सांगू?

दीड महिन्यानंतर हॉस्टेलच्या नळाखाली मी बादली घासत होते. तळाला पांढरा थर बसला होता, निघत नव्हता. माझ्या खोलीत राहणारी मुलगी सायन्सची. ती म्हणाली, "नको घासूस, निघणार नाही तो. बोरचं हार्ड वॉटर आहे ना. आटलं की क्षार खाली राहतात."

"हार्ड वॉटर?"

"जड पाणी गं. डाळ शिजत नाही ते."

माझ्या हातातली घासणी तशीच राहिली. जड पाणी. जन्मल्यापासून ऐकलेला शब्द. आईनं तो त्या दिवशी पुस्तक उघडं असताना माझ्या पाठीमागं उच्चारला होता, आणि मी बर्फाचा विचार करत होते.

मी दादाला लगेच फोन करायला हवा होता. केलाही. "गाडी कशी आहे?" एवढंच विचारलं.

"एकदम मस्त. का गं?"

"काही नाही."

पुढचे पंधरा दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. वर्गात बसले की बादलीचा तळ दिसायचा. आता सांगितलं तर काय होईल? तो पाणी काढून टाकेल, कदाचित गाडी वाचेल. पण मग औषधाच्या बाटल्यांचं काय? मी आजवर वाचून दाखवलेल्या सगळ्याच कागदांचं काय? आजीच्या गोळ्या दिवसातून दोन की तीन, हेही मी अंदाजानंच सांगितलं नव्हतं ना? मी रोज उद्यावर ढकलत होते.

मे महिन्यात परीक्षा संपल्यावर दादा मला न्यायला आला. गादी आणि ट्रंक मागं टाकली. क्रांती चौकात सिग्नलला उभे होतो, दुपारचं ऊन, चारी बाजूंनी हॉर्न. मी इंजिनाचं तापमान दाखवणाऱ्या काट्याकडंच बघत होते. तो मधून वर सरकला, आणि मग सरकतच राहिला. मी तोंड उघडेपर्यंत बॉनेटच्या कडांतून वाफ यायला लागली. मागचा रिक्षावाला ओरडला, "ओ शेठ, चाय उबल रही क्या?"

गाडी ओढून चिकलठाण्याकडच्या एका गॅरेजात नेली. मिस्त्री वयस्कर होता. त्यानं रेडिएटर उघडला, एक नळी काढून उलटी केली आणि बोटानं खरवडलं. पांढरी खपली पडली.

"पानी किसने डाला इसमें? बोर का है ये. रेडिएटर है मियां, रांजण नै."

"मीच टाकलं," दादा म्हणाला.

मी तिथंच उभी होते. मिस्त्री माझ्याकडं बघतही नव्हता. रेडिएटर गेला होता, पाण्याचा पंप गेला होता, आणि इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, तापून वाकलं होतं. त्यानं आकडा सांगितला. दादानं दोनदा विचारून घेतला. मी मनातल्या मनात मेंढ्या केल्या. बावीस.

मोबदल्याचं शिल्लक काही नव्हतं. गाडी तशीच विकायची तर भंगाराच्या भावात जाणार होती. पाचोडच्या बाजाराच्या दिवशी आबांनी बावीस मेंढ्या टेम्पोत चढवल्या. दादा गॅरेजला गेला होता. टेम्पोत आबांना सोबत म्हणून मी चढले.

दुष्काळात सगळेच विकायला आलेले. भाव पडलेला. व्यापाऱ्यानं मेंढ्यांच्या पाठी चाचपल्या आणि आबांच्या हातावर उपरणं टाकलं. आमच्याकडं भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं धरून सांगतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. आबांचा हात कापडाखाली गेला, आणि मला एकदम वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच नाही.

"आबा, थांबा. पाणी मी टाकायला सांगितलं होतं. पुस्तकात नको लिहिलं होतं. मला कळलंच नव्हतं."

आबांनी हात काढला नाही. "काय लिव्हलं होतं?"

"जड पाणी टाकू नका, असं."

"जड पानी?" ते माझ्याकडं वळले. "आन् ते तुला कळलं नाय?"

"इंग्रजीत होतं."

व्यापारी खाकरला. आबा म्हणाले, "दादाला सांग. मला सांगून काय उपेग?" आणि कापडाखाली त्यांची बोटं हलली. सौदा झाला. त्यातली एक मेंढी टेम्पोकडं परत पळाली, तिला आबांनी स्वतःच धरून आणलं.

संध्याकाळी दादाला सांगितलं. तो हातपाय धूत होता. मला वाटलं ओरडेल. त्यानं नुसतं विचारलं, "कधी कळलं तुला?"

"गाडी तापायच्या पंधरा दिवस आधी. फोन केला होता ना, तेव्हा."

"तेव्हा तर गाडी पळत होती."

"हो."

टॉवेल खांद्यावर टाकून तो आत गेला. जाताना म्हणाला, "मला वाटायचं तुला समदं येतं." नुसतं ओरडला असता तर बरं झालं असतं.

महिनाभर त्यानं मला कुठलाच कागद दाखवला नाही. आईनंही देवळीतून काही काढलं नाही. गाडी दुरुस्त होऊन आली. ती पाहिली की मला त्या बावीस मेंढ्या आठवायच्या.

मग एका सकाळी दादा गाडीच्या विम्याचा कागद घेऊन ओट्यावर आला. माझ्यापुढं ठेवला आणि चपलेनं माती उकरत बसला. मी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. तिसऱ्या ओळीत एका शब्दाशी थांबले. अंदाज येत होता. पूर्वी तेवढा मला पुरला असता.

"हा शब्द मला येत नाही," मी म्हणाले.

दादानं मान वर केली. "मग?"

"कॉलेजात कुणाला तरी विचारावा लागेल."

त्यानं कागदाची घडी घातली आणि माझ्या पिशवीत सारली. "विचारून ये," तो म्हणाला. "तवर गाडी उभीच हाय."