धनजच्या विहिरीतला मासा

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीचा उन्हाळा. लग्नाला दोन वर्षं झाली होती. हे नागपूरच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे आणि सुट्टीत आम्ही माझ्या माहेरी, धनजला आलो होतो. दादानं शेतात नवी विहीर खणायला घेतली होती. काळा खडक संपून खाली पांढरट, पापुद्र्यांचा दगड लागला. त्यातला एक तुकडा दादानं ओट्यावर आणून ठेवला. त्यात डोकं होतं. माशाचं, पण दगड झालेलं.

ह्यांनी तो तुकडा हातात घेतला आणि जेवण विसरले.

मग रोज सकाळी ओसरीवर आमचं काम चाले. हे सुईनं हाडांवरचा दगड कणाकणानं सोडवत, आणि मी भिंग लावून चित्र काढी. शाळेत मला चित्रकला बरी जमायची, तेवढ्या शिदोरीवर. जबड्यात पंख्यासारखे उभ्या कंगोऱ्यांचे दात होते. ह्यांनी सांगितलं, हा फुप्फुसाचा मासा. तळं आटलं की चिखलात शिरून हवेवर जगणारा. वहिनी चुलीपाशी ऐकत होती. म्हणाली, “मंजे आपल्यावानीच. पानी आटलं तरी गाव नाई सोडला.”

घोडं अडलं ते एका रेषेवर. टाळूच्या मधल्या हाडावर आडवी रेघ होती. ती दोन हाडांची सांध असेल, तर असा मासा आजवर कुणी नोंदला नव्हता. नुसता तडा असेल, तर जुन्याच जातीतला. मी ती सांध म्हणून काढली होती, ह्यांनी खोडायला लावली. दोन दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. शेवटी हेच म्हणाले, दुसरं डोकं मिळाल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

विहिरीतला सगळा दगड दादानं धुऱ्यावर, शेताच्या कडेला, रचून बांध घातला होता. पावसाळा तोंडावर आलेला. बांध उकला असं ह्यांना म्हणवेना, म्हणून मीच बोलले.

“बांध फिरून घालता येते,” दादा म्हणाला. “मासा थोडाच फिरून येते?”

सगळं घर धुऱ्यावर उतरलं. तिसऱ्या दिवशी वहिनीच्या हाताला दुसरं डोकं लागलं, पहिल्यापेक्षा लहान. ह्यांनी तिथंच मातीत बसून ते पुसलं. तीच रेघ, त्याच जागी, शिवणीसारखी नागमोडी. तडा असा दोन डोक्यांवर एकाच जागी जात नाही. हे माझ्याकडे बघून हसले, आणि मी काढलेली रेघ पुन्हा काढायला सांगितली.

नव्या जातीला धनजचं नाव दिलं, लॅटिन शेपूट जोडून. दादानं ते दोनदा म्हणवून घेतलं. निबंध छापून आला, चित्रांसकट. बांध तर त्याच्या कितीतरी आधी, पाऊस पडायच्या आतच पुरा झाला होता. दगड वाहून ह्यांच्या हातांना फोड आले होते.

दोन्ही डोकी आम्ही सरकी काढलेल्या कापसात गुंडाळून कलकत्त्याच्या संग्रहालयात पाठवली. आता हे नाहीत, दादाही नाही. संसारात पुढं पुष्कळ सुख मिळालं. पण कुणी सुखाचं विचारलं, तर मला ती ओसरी दिसते, आणि दोघं एकाच भिंगासाठी हात पुढे करत असलेले आम्ही.